झिंग्यांचा कौल

तेजस्विनी काकडच्या आयुष्यात एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. कोचीनच्या एका समुद्र-संशोधन संस्थेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं, आणि मखमलाबाद गावातल्या निम्म्या बायका तिच्या झिंग्यांपुढे हात जोडून उभ्या राहायला लागल्या. पहिल्या गोष्टीनं ती हवेत होती. दुसरीनं तिला खाली उतरायला सवड दिली नाही.

आता झिंगे म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात मिळणारे, बोटाच्या पेराएवढे, अंगातून आरपार दिसणारे जीव. पण ज्या दिवशी तेजस्विनीनं पहिला झिंगा भिंगाखाली पाहिला, त्या दिवसापासून पोरगी कामातून गेली होती. झिंग्याला नाक नसतं, मिशा असतात, आणि त्या मिशांनी तो पाण्यातला वास घेतो. पलीकडे मासा दबा धरून बसलाय, हे त्याला वासावरून कळतं. पाणी कुठे गार आहे, कुठे कोमट, हेही कळतं. एवढ्याशा डोक्यात एवढी अक्कल कुठे ठेवली असेल, हा प्रश्न तिला बसमध्ये, आंघोळ करताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही पडायचा, आणि शेजारी जो कोणी असेल त्याला तो ऐकावा लागायचा.

एम.एस्सी. झाल्यावर ती प्रफुल्ल सरांच्या हाताखाली कॉलेजातच या झिंग्यांवर काम करत होती. पण दिवाळीनंतर कॉलेजात कुठलीशी समिती येणार, म्हणून प्रयोगशाळा रंगवायला काढली आणि रंगाच्या वासानं झिंगे पटापट मरायला लागले. सर म्हणाले, "महिनाभर घरी ठेवतेस का?" ते सहज म्हणाले. हिनं संध्याकाळच्या आत टेम्पो सांगितला.

काकडांचं घर मळ्यात. घराशेजारी पत्र्याचं शेड, तिथं झेंडू-शेवंतीची फुलं निवडायची आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या. त्या शेडच्या एका अंगाला तेजस्विनीनं आपला संसार मांडला. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे काचेची बेचकी. पोरं चिमण्या पाडायला वापरतात त्या बेचकीच्याच आकाराची एक लांब टाकी. खाली एक दांडा, वर दोन फाटे. दांड्यात झिंगे सोडायचे, पुढे काचेची झडप. दोन्ही फाट्यांच्या टोकाला वर एकेक बादली टांगलेली, तिच्यातून सलाईनच्या नळीनं पाणी हळूहळू फाट्यात उतरायचं. एका बादलीत काय घालायचं, दुसरीत काय, हे तेजस्विनी ठरवायची, मग झडप उचलायची. झिंगे फाट्यापाशी यायचे, मिशा हलवायचे, आणि आपला रस्ता निवडायचे.

आणि या सगळ्याच्या पलीकडे, झाकण लावलेल्या मोठ्या टाकीत, एक मरळ होती, झिंगे खाणारी मासळी. हातभर लांब, काळी, तोंडावर कायम रागावल्याचा भाव. तिच्या टाकीतलं तांब्याभर पाणी एखाद्या बादलीत घातलं, की त्या फाट्याकडे झिंगे फिरकायचे नाहीत. तसंच गरम पाण्याचं. तेजस्विनीचा खरा प्रश्न पुढचा होता. एका फाट्यात मरळीचा वास आणि दुसऱ्यात चटका, इकडे आड तिकडे विहीर असं केलं, तर झिंगा काय करतो? मरण पत्करतो की भाजून घेतो? याच्यावर तिनं महिनोन्‌महिने झडपा उचलल्या होत्या, आणि त्याच कामावर खूश होऊन कोचीनवाल्यांनी तिला बोलावलं होतं.

या मरळीचा घरात सगळ्यांत जास्त त्रास झाला तो तेजस्विनीच्या वडिलांना. गोटीराम काकड माळकरी माणूस. मासळीचा वाससुद्धा त्यांना खपायचा नाही. ते शेडच्या दारात उभे राहायचे, टॉवेल नाकाला लावायचे, आणि मरळीचं नावही न घेता विचारायचे, "तुझी ती जेवली का?" पण शेडमधून ती हलव असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तसे ते कशालाच काही म्हणायचे नाहीत. गोटीराम काकडांचा आयुष्यभराचा एकच शब्द होता, "बघू." टोमॅटो लावायचा का? बघू. घराला रंग कुठला द्यायचा? बघू. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावरही ते "बघू" म्हणाले होते, असं त्यांची बायको सुवर्णा अजून चारचौघांत सांगते. घरातले निर्णय निफाडहून यायचे, गोजराबाईंकडून. त्या गोटीरामांच्या मोठ्या बहीण. आई लवकर गेल्यावर त्यांनीच या भावाला कडेवर घेऊन वाढवला होता, आणि मनातल्या मनात अजून खाली उतरवला नव्हता.

तर आधी कौलाची गोष्ट.

शेजारची सखुबाई एका सकाळी मेथीची जुडी मागायला आली आणि झडप उचलायच्या ऐन वेळी बेचकीपाशी थांबली. तिची म्हैस गाभण आहे की नाही, याची तिला काळजी लागून राहिली होती. समोर वीस झिंगे, एक उजवी वाट, एक डावी वाट. देवीला कौल लावताना मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवतात, उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. हे सखुबाई जन्मापासून बघत आलेली. तिनं मनातल्या मनात म्हशीचं विचारलं. झिंगे उजवीकडे गेले. दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी म्हैस गाभण असल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी पार म्हसरूळ गावापर्यंत गेली.

मग काय विचारता! कोणी येऊन विचारी, टोमॅटो आज काढू का उद्या. कोणी विचारी, जावयाला गाडी घ्यायला पैसे द्यावेत का. एक बाई रोज यायची आणि काय विचारते ते सांगायची नाही, नुसती हसत घरी जायची. गावातल्या पुंजाआप्पांनी सहकारी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहावं का, असं विचारलं. त्या दिवशी झिंगे झाडून डावीकडे गेले, आप्पांनी अर्ज मागे घेतला, आणि पुढे त्यांचं सगळं पॅनल आपटलं. आप्पा पेढे घेऊन आले. ते झिंग्यांना घालू नका, म्हणून तेजस्विनीला त्यांच्याशी अक्षरशः झटापट करावी लागली.

"आप्पा, अहो, त्या दिवशी उजव्या बादलीत मी मरळीचं पाणी घातलं होतं," ती कळवळून म्हणाली. "झिंगे मरळीला घाबरले, तुमच्या निवडणुकीचा काही संबंध नाही!"

"पोरी," आप्पा समजुतीनं म्हणाले, "देवी बी कशाच्या तरी निमित्तानंच बोलती ना? तिनं मरळीच्या निमित्तानं सांगितलं."

तेजस्विनीनं प्रफुल्ल सरांना फोन केला. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिलाही मग हसू आवरेना. खरं सांगायचं तर तिला ते सगळं आवडतच होतं. आजवर तिच्या झिंग्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आता शेडबाहेर चपलांचा ढीग लागत होता.

अशात कोचीनचं पत्र आलं. सुवर्णानं देवापुढे साखर ठेवली. तेजस्विनी मळ्याच्या बांधावरून नुसतीच धावत सुटली आणि झेंडूच्या वाफ्यात पडून परत आली. गोटीराम म्हणाले, "बघू."

आणि ते फोन करायला बाहेर गेले. म्हणजे आता निर्णय निफाडहून येणार.

तो आला. गोजराआत्याचा मुलगा दीपक निफाडला इंग्रजी शाळा चालवतो; तिथं विज्ञानाच्या बाईंची जागा मोकळी होतीच. "घरची शाळा, घरचं जेवण," आत्या फोनवर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा की स्पीकर लावायची गरजच नव्हती. "त्या कोचीनात काय हाय? भात आन् खोबरं! पोरीला एवढ्या लांब धाडायचं नाय. गोट्या, ऐकतोस ना?"

"बघू," गोटीराम म्हणाले, पण आत्यांपुढे त्यांच्या "बघू"चा अर्थ "बरं" असाच होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चार दिवस घरात धुसफूस चालली. सुवर्णा भांडी आपटायची. तेजस्विनीनं वडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. समुद्र, तिथली प्रयोगशाळा, माणसाएवढ्या उंच टाक्या, मिठाच्या पाण्यातले तळहाताएवढे झिंगे. "आण्णा, मला जायचंय. मला दुसरं काही नको. तुम्ही एकदा आत्याला सांगा ना!" गोटीराम टॉवेलानं तोंड पुसत राहिले. तिला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

शेवटी आत्याच रविवारी येते म्हणाल्या. तेव्हा गोटीरामांनी फोनवर जन्मात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी सुचवलं. "आक्का," ते म्हणाले, "आपण झिंग्यांना विचारू."

मग आत्या म्हणाल्या, "विचारू. सखूची म्हैस मला बी कळली हाय."

तेजस्विनीनं कपाळावर हात मारला. जिचं सगळं शिक्षण झिंगे कौल देत नाहीत हे सिद्ध करण्यात गेलं, तिचं आयुष्य आता झिंग्यांच्या कौलावर ठरणार होतं.

सुवर्णा मात्र खुशीत आली. लेकीला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "मग झालंच की! ते कुठं जातात ते तुलाच ठाऊक. डावीकडं त्या मेलीचं पाणी ओत, की चालली तू कोचीनला."

"नाही ओतणार."

"काय?"

"आई, मी वर्षभर एकेक झिंगा मोजलाय. हा आकडा मला आवडत नाही म्हणून बदलला, असं एकदासुद्धा केलं नाही. आज माझ्यासाठी खोटं केलं, तर त्या सगळ्या मोजणीला काय अर्थ राहिला?"

"अगं, पण हा काय प्रयोग हाय का? हा कौल हाय!"

"टाकी माझी आहे," तेजस्विनी म्हणाली. "माझ्या टाकीत होतं तो प्रयोगच." हे बोलताना तिला पुरतं ठाऊक होतं, की दोन्ही बादल्यांत साधं पाणी म्हणजे झिंगे मन मानेल तिकडे जाणार, आणि कोचीन म्हणजे नुसतं नाणं उडवणं. सुवर्णानं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकून ही पोरगी गेली वाया.

रविवारी गोजराआत्या आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत द्राक्षाचे बेदाणे. आल्या आल्या त्या शेडमध्ये गेल्या आणि तिथं आधीच पुंजाआप्पा, सखुबाई आणि आणखी दहा-बारा मंडळी जमलेली. उजवीकडे गेले तर कोचीन, डावीकडे गेले तर निफाड, इथपर्यंत कोणाचाच वाद नव्हता. पण उजवी कोणाची?

"आपली," सखुबाई म्हणाली. "आपण बघतो ती."

"वा! कौलात देवीची उजवी धरत्यात," पुंजाआप्पा म्हणाले. "झिंग्यांची उजवी धरा."

"आप्पा, झिंगे घाबरले की उलटे पळतात," तेजस्विनीच्या तोंडून निघून गेलं. "शेपटी मारून मागे."

झालं. मागे पळणाऱ्याची उजवी कोणती, यावर शेडमध्ये असं रण माजलं की मरळ टाकीत उसळ्या मारायला लागली. एक जण स्वतः उलटं चालून दाखवायला गेला आणि शेवंतीच्या क्रेटमध्ये बसला. शेवटी आत्यांनी करंडा काढला, खिडकीकडच्या फाट्याच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं, आणि म्हणाल्या, "ही उजवी. हिकडं गेले तर पोरगी कोचीनला. आता जेवणं उरकून घ्या, मग बघू." आत्यांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

सगळे घराकडे गेल्यावर तेजस्विनी मागे राहिली. तिनं दोन्ही बादल्या घासल्या, नळ्या धुतल्या, एकाच हौदातलं पाणी दोन्हीकडे भरलं. दोन्ही फाट्यांत थर्मामीटर घालून बघितला. सारखं. झिंग्यांना ती हळूच म्हणाली, "तुम्हाला वाटेल तिकडे जा," आणि मग आपण झिंग्यांशी बोलतोय हे लक्षात येऊन तिचं तिलाच हसू आलं.

जेवायला वांग्याचं भरीत, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. पंगत रंगात आली. मधेच सुवर्णा लोणचं आणते म्हणून उठली आणि लोणचं न घेताच परत आली. जरा वेळानं गोटीराम विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणून गेले. तेजस्विनीनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. ती पाणी पिऊन उठली.

शेडमध्ये आता उभं राहायला जागा नव्हती. आत्यांनी उदबत्ती लावायला घेतली. धुराचा झिंग्यांना त्रास होतो म्हणून तेजस्विनीनं ती बाहेर काढायला लावली. आत्यांनी हात जोडले, डोळे मिटले. गोटीराम दारात, एक हात पाठीमागे. सुवर्णा त्यांच्या शेजारी, पदराचं टोक तोंडात. तेजस्विनीनं झडप उचलली.

वीस झिंगे हळूहळू पुढे सरकले. फाट्यापाशी आले. मिशा हलल्या. पुढचे दोघे-तिघे डावीकडे वळले. पण बोटभर जातात न जातात तोच, कोणी धपाटा घातल्यासारखे उलटे उसळले, बाकीच्यांत घुसले, एकच गोंधळ उडाला, आणि सगळेच्या सगळे, वीसच्या वीस, कुंकवाच्या फाट्यात शिरून पार टोकाला जाऊन चिकटले.

शेडमध्ये जो आरडाओरडा झाला! सखुबाईनं तेजस्विनीला मिठी मारली. पुंजाआप्पांनी शेवंतीची मूठ भरून उधळली. आत्यांनी डोळे उघडले, काचेवर वाकून झिंगे नीट मोजले, आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, "देवाची मर्जी. जा बाई. आता मी आडवी येणार नाय."

तेजस्विनी हसत होती, रडत होती, कोणाकोणाच्या पाया पडत होती. समुद्र तिच्या डोळ्यांपुढे होता. आणि त्याच डोळ्यांना पलीकडे ते वीस झिंगे दिसत होते, टोकाच्या काचेला एकमेकांवर चढून चिकटलेले, आणि डाव्या फाट्यात एकही नाही.

एकही नाही? वर्षभरात असं कधी झालं नव्हतं. साध्या पाण्यात ते निम्मे इकडे निम्मे तिकडे जातात. मरळीचं पाणी असलं, तरी दोन-चार हट्टी झिंगे चुकीच्या बाजूला जातातच. वीसच्या वीस? तिचं हसू हळूहळू ओसरलं. गप्प बस, तिनं स्वतःला सांगितलं. झालं ते झालं, कोचीन मिळालं, गप्प बस. पण हात थर्मामीटरकडे गेलाच.

डाव्या फाट्यातलं पाणी कोमट होतं. चांगलंच कोमट.

"थांबा," ती म्हणाली.

सुवर्णानं गर्दीतून येऊन तिला चिमटा काढला. चोराच्या मनात चांदणं. लेकीनं नुसतं वळून पाहिलं तर ती पत्र्याकडे बघायला लागली.

"हा कौल खरा नाही," तेजस्विनी म्हणाली. "डावीकडे कोणीतरी गरम पाणी ओतलंय. आत्या, हा धरू नका."

आत्यांनी भावजयीकडे नुसतं पाहिलं. सुवर्णा तेवढ्यावरच कबूल झाली. "सोलरच्या नळाचं तांब्याभर ओतलं," ती म्हणाली, आणि मग उसळून, "तांब्याभरच! माझी पोरगी हाय. ओतलं तर ओतलं!"

"तांब्याभरानं वीसच्या वीस पळणार नाहीत, आई." तेजस्विनी आता बादलीवर वाकली होती. तिला थांबताच येईना. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. "हिच्यात मरळीचं पाणी आहे. तू हेही घातलंस?"

"त्या मेलीला मी हात लावीन का? देवाशप्पथ नाय!"

मग कोणी? सखुबाईनं पुंजाआप्पांकडे पाहिलं. आप्पांनी सखुबाईकडे पाहिलं. गोजराआत्या मात्र दारापाशी गेल्या होत्या. त्यांनी भावाचा पाठीमागचा हात ओढून पुढे घेतला, नाकाशी नेला, आणि झटकन मागे सरल्या.

"गोट्या!"

गोटीराम काकडांच्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, मरळीचा वास येत होता. जो माणूस मासळी बाजार टाळायला रस्ता बदलायचा, त्यानं त्या काळ्या बाईच्या टाकीत हात घालून तांब्या बुडवला होता. तेजस्विनी बघतच राहिली. एका बाजूला वास आणि दुसऱ्या बाजूला चटका, असं तिनं शंभरदा केलं होतं. दोन्ही एकाच बाजूला घालून बघावं, हे तिला वर्षभरात सुचलं नव्हतं. ते तिच्या आईबापांनी, एकमेकांना न सांगता, एका जेवणात करून टाकलं होतं.

"मग हा कौल बाद," आत्या म्हणाल्या. आवाजात धार होती. "पाणी बदला. पुन्हा लावा."

"नाय."

हे कोण बोललं ते आधी कोणाला कळलंच नाही. गोटीराम दारातून आत आले, टॉवेल न लावता, थेट टाकीपर्यंत.

"पुन्हा लावायचा नाय, आक्का. झिंग्यांना काय कळतंय? त्यांना गरम-गार कळतंय. ते डावीकडं गेले आसते तरी..." ते अडखळले. "तरी बी पोरगी गेली आसती. ती कोचीनला जाईल. हे मी म्हणतो."

आत्या भावाकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की पुंजाआप्पांनी हळूच दाराकडे सरकायला सुरुवात केली. मग त्यांनी पदरानं आधी आपलं नाक पुसलं, मग भावाचा तो हात पुन्हा धरला, वासासकट.

"मेल्या, मग येवढे दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "तू काय बोलत नव्हतास, म्हणून मला बोलाया लागायचं. मला काय हौस व्हती का? जन्मभर दोघांचं डोकं मी एकटीनं चालवलं!"

पहिलं हसू सुवर्णाला फुटलं. मग सखुबाई, मग सगळं शेड. गोटीराम मधोमध उभे राहून, नुकतंच दार उघडलेल्या माणसासारखे, इकडेतिकडे बघत होते. आणि मग त्यांना ते आवरेचना. चहा आला तर ते म्हणाले, साखर जास्त झाली. पुंजाआप्पांना म्हणाले, तुम्ही निवडणुकीला उभं राहायला पाहिजे होतं, पडला असता तरी बेहत्तर. सखुबाईला म्हणाले, मेथी फुकट न्यायची बंद कर. घराचा रंग त्यांना कधीच आवडला नव्हता, हेही त्यांनी सांगून टाकलं, आणि सुवर्णा चहाची किटली हातात घेऊन आ वासून ऐकत राहिली. आत्या म्हणाल्या, "आता पुरे रे बाबा, बघू म्हण एकदा!"

माणसं पांगली. ऊन कलायला लागलं तेव्हा गोटीराम हौदापाशी बसून हात घासत होते. आधी साबण, मग राख, मग लिंबाची साल. वास जात नव्हता. तेजस्विनी पाण्याची तांबी घेऊन त्यांच्या हातावर पाणी घालत होती, आणि मधूनच तिला हसू फुटत होतं.

"आण्णा, तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

"सांगायची सवय नव्हती." त्यांनी हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, पुन्हा राख घेतली. "अजून येक मत हाय माझं. सांगू का?"

"सांगा ना."

"तू जाऊ नये, आसं लय वाटतं मला." ते हाताकडेच बघत बोलत होते. "सकाळी शेडात दिवा लागलेला दिसतो, तू त्या टाकीवर वाकलेली दिसतीस, ते दिसणार नाय. जाऊ नये आसंच वाटतं. पर तू जा. तेच मत धर."

तिच्या हातातली तांबी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. गोटीरामांनी ते झटकलं नाही. त्यांनी घराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आन् हे दुसरं आक्काला सांगू नको. अजून ती गेली नाय."